तीर्थनचं पाणी आणि येवल्याचा हात

माझा पहिला ट्राउट गेला तो गाठीमुळे. मासा लागला होता, दोन-तीन सेकंद त्याची थरथर रॉडमधून पार कोपरापर्यंत आली आणि मग एकदम सगळं हलकं. लाईन गोळा करून टोक बघितलं तर फ्लाय, म्हणजे हुकवरचा पिसांचा नकली किडा, गायब, आणि जिथे फ्लाय बांधली होती तिथला धागा गोल गोल वळलेला, द्राक्षाच्या वेलीला स्प्रिंगसारखी तार फुटते ना अगदी तसा. गाईडने तो टोकाचा भाग दोन बोटांत धरला, उन्हाकडे करून बघितला आणि म्हणाला, "सर जी, टूटा नहीं है, खुला है." धागा तुटला असता तर टोक सरळ राहिलं असतं, वळलंय म्हणजे गाठ सरकत सरकत सुटली. म्हणजे मासा जोराचा होता म्हणून गेला असं नाही, मी गाठ नीट मारली नव्हती म्हणून गेला. त्या दुपारी मी हिमाचलमधल्या तीर्थन नदीच्या काठच्या दगडावर बराच वेळ तो वळलेला धागा हातात धरून बसलो होतो, आणि अजूनही तो माझ्या पाकिटात आहे.

आता सुरुवातीपासून सांगतो.

माझा दोस्त मूळचा येवल्याचा, नोकरीसाठी नाशिकला. आम्ही दोघं लहानपणापासून गळ टाकणारे. तो तिकडे विहिरींवर आणि बंधाऱ्यांवर, मी इकडे गोदावरीला. बांबूची काठी, गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी, बूच पाण्यावर तरंगतंय आणि आपण बसलोय, एवढंच आम्हाला मासे धरणं म्हणून माहीत. फ्लाय फिशिंग हे प्रकरण त्यानेच डोक्यात भरवलं, दोन वर्षं नुसता व्हिडिओ पाठवायचा, आणि मागच्या दिवाळीत म्हणाला, भो, चैत्रात हिमाचलला जायचं, ट्राउट धरायचा, आत्तापासून हात तयार करायला लागू. चैत्रातच का, तर ब्राऊन ट्राउट हिवाळ्याच्या तोंडावर अंडी घालतो, म्हणून हिमाचलमध्ये १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत ट्राउटची मासेमारी बंद असते, मार्चमध्ये उघडते, आणि मे-जूनला वरचा बर्फ जोरात वितळायला लागला की नदी भरून गढूळ होते. मधे जो मार्च-एप्रिलचा काळ मिळतो तो सोन्यासारखा.

तर हात तयार करायला आम्ही गेलो कुठे, तर गोल्फ क्लब ग्राउंडवर. हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान हे त्याचं नाव, पण नाशिकमध्ये सगळे गोल्फ क्लबच म्हणतात. जानेवारी-फेब्रुवारीची थंडी, सकाळी सहा, ट्रॅकवर चालणाऱ्यांची गर्दी आणि मधे गवतावर आम्ही दोघं नऊ फुटी रॉड घेऊन. गळ नाही लावलेला, टोकाला फक्त लाल लोकरीचा तुकडा बांधलेला.

फ्लायचं गणित आपल्या गळापेक्षा पूर्ण उलटं आहे आणि हे हाताला पटायलाच मला महिना गेला. आपल्या गळाला शिसं असतं, त्या वजनाने दोरा लांब जातो. फ्लाय म्हणजे हुकवर पिसं आणि केस गुंडाळून केलेला किडा, त्याला वजनच नाही, ती फेकताच येत नाही. वजन असतं लाईनला. आमची पाच नंबरची लाईन, तिच्या पहिल्या तीस फुटांचं वजन १४० ग्रेन म्हणजे साधारण ९ ग्रॅम, आणि तेवढं वजन हवेत मागे-पुढे करून लाईन उलगडायची, फ्लाय नुसती तिच्यामागे जाते. घड्याळाच्या काट्याप्रमाणे दहावर थांबायचं, एकवर थांबायचं. मुद्दा थांबण्याचा आहे. मागे नेलेली लाईन पूर्ण सरळ होईपर्यंत थांबलं नाही आणि आधीच पुढे ओढलं तर पोतराजाच्या आसुडासारखा फट् असा आवाज होतो आणि टोकाचा लोकरीचा तुकडा उडून जातो. पहिल्या आठवड्यात माझे असे किती तुकडे गेले त्याची गणतीच नाही, घरातला एक जुना मफलर त्यातच संपला.

दोस्ताचा हात मात्र तिसऱ्याच दिवशी बसला. मी विचारलं कसं काय, तर म्हणाला, अरे हे पतंगासारखंय. आता येवल्याच्या माणसाला पतंग शिकवावा लागत नाही, तिथे भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस अख्खं गाव गच्चीवर असतं, हलकडी वाजत असते, आणि फिरकीऐवजी आसारी असते, लाकडाची, दोन्ही हातांनी खेळवायची. तो पाचवीत असल्यापासून आसारी धरतोय (नायलॉन मांजाला त्याने कधी हात लावला नाही, एका संक्रांतीला गळा कापलेली घार त्याच्या गच्चीवर पडली होती ते तो अजून विसरलेला नाही). त्याचं म्हणणं, दोरीत जीव आहे का मेलीय हे हाताला कळतं, डोळ्याने बघायचं कामच नाही. लाईन मागे गेली की रॉडच्या टोकाला बारीक ओढ लागते, ती लागली की पुढे. बस. मी तोवर मान वळवून वळवून मागे बघत होतो. त्याने मला डोळे मिटायला लावले. डोळे मिटून, मागे नेऊन, हातात ती ओढ कधी येते याची वाट बघायची. चौथ्या का पाचव्या वेळी आली. खरंच आली, कुणीतरी मागून शर्टाचं टोक हळूच ओढावं तशी. त्या दिवशी घरी येताना मी इतका खूश होतो की कॉलेज रोडला थांबून दोघांनी दोन-दोन मिसळी खाल्ल्या.

ग्राउंडवर एक काका रोज थांबून बघायचे. चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांनी रॉड हातात मागितला, वजन बघितलं, आणि सांगायला लागले की ते लहान असताना होळकर पुलाच्या खाली नदीचा तळ दिसायचा, तिथे ते हातरुमालाने छोटे मासे धरायचे. एवढं सांगून रॉड परत दिला आणि चालायला लागले.

मार्चमध्ये दोन रविवार गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला गेलो, पण तिथेही गळाविना, नुसती लाईन पाण्यावर पडते कशी हे बघायला. धरणातल्या मासेमारीचे हक्क सोसायटीकडे असतात, तो ज्यांच्या पोटाचा धंदा आहे त्यांच्या पाण्यात आपण हौस म्हणून हूक टाकायचा नाही असं आम्ही ठरवलं होतं. गवतावर लाईन कशीही पडली तरी चालते, पाण्यावर ती सपकन आपटली तर आवाज होतो. तिथला एक मच्छीमार होडीतून जाळं काढत होता, कटला, रोहू आणि त्यात निम्म्याहून जास्त चिलापी. तो म्हणाला, पूर्वी हा मासा नव्हता, आता सगळीकडे हाच. हे वाक्य पुढे मला आठवणार होतं.

सामानाचं फार सांगत नाही. दोन रॉड, चार तुकड्यांत सुटणारे, म्हणून ट्रेनमध्ये नेता आले. रील, लाईन, लीडर (लाईनच्या पुढे जोडायचा बारीक धागा), टिपेट (त्याच्याही पुढचा सगळ्यात बारीक धागा, ज्याला फ्लाय बांधतात), एक डबी फ्लाय. वेडर्स, म्हणजे पाण्यात उतरायची, पाणी आत न येणारी पँट, तिथे भाड्याने मिळाले. एकच गोष्ट सांगण्यासारखी, लाईन आणि लीडर जोडायला नेल नॉट मारतात, त्याला बारीक नळी लागते, आमच्याकडे ते टूल नव्हतं म्हणून दोस्ताने बॉलपेनची रिकामी रिफील कापली आणि तिच्यावरून गाठ मारली, ती गाठ अख्ख्या ट्रिपमध्ये जागची हलली नाही. शेवटची फ्लायची गाठ मात्र ज्याची त्याने शिकायची होती, आणि मी ती व्हिडिओ बघून पंधरा मिनिटांत शिकलो असं मला वाटलं होतं.

पाडवा झाला, गुढी उतरवली आणि तिसऱ्या दिवशी निघालो. नाशिकरोडहून ट्रेनने दिल्ली, दिल्लीहून मनालीच्या बसने औट, औटला पहाटे उतरून टॅक्सीने लारजी, बंजार करत गुशैणी. नाशिक सोडलं तेव्हा दुपारी अंगाची लाही होत होती, द्राक्षाच्या गाड्या रस्त्यावर, आणि तिथे उतरलो तर तोंडातून वाफ. डोंगरावर बुरांशची लाल फुलं, खाली सफरचंदाच्या बागांना नुकता बहर, आणि मधून तीर्थन. बाटलीतल्या हिरव्या काचेसारखं पाणी, आणि आवाज इतका की काठावर उभं राहून मोठ्याने बोलावं लागतं. नदी वर हंसकुंडातून येते, ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कमधून (२०१४ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे), आणि खाली लारजीजवळ बियासला मिळते. या खोऱ्यातल्या लोकांनी कोर्टापर्यंत जाऊन नदीवरचे जलविद्युत प्रकल्प थांबवले, म्हणून ती अजून तशी वाहते आहे. मला हे तिथे गेल्यावर गाईडकडून कळलं, आणि ते सांगताना त्याचा आवाज बदलला होता.

मत्स्य विभागाचं लायसन्स काढलं, ते खिशात ठेवावंच लागतं, आणि सकाळी सातला पाण्यात.

पहिल्याच सकाळी एक गोष्ट झाली. गाईड गुडघाभर पाण्यात गेला, वाकला, ओंजळ भरली आणि प्यायला. सहज, आपण माठातलं पितो तसं. दोस्तानेही प्यायलं. मी ओंजळ भरली आणि क्षणभर तसाच उभा राहिलो, कारण हाताला नदीचं पाणी तोंडाला लावायची सवयच राहिलेली नाही. आमची गोदावरी ब्रह्मगिरीवर उगम पावते, नाशिकपासून जेमतेम तीस किलोमीटर, आणि तेवढ्या अंतरात तिचं काय होतं आणि शहराच्या खाली पाणवेलींनी ती कशी झाकून जाते हे नाशिककराला सांगायला नको. रामकुंडावर आपण तीर्थ म्हणून जे हातावर घेतो ते आणि हे, दोन्हीला नदीच म्हणायचं. मी प्यायलो. दात शिवशिवले. त्यानंतर अर्धा तास माझं मासेमारीत लक्षच नव्हतं.

थर्मामीटर नेलं होतं, सकाळी पाणी ७ डिग्री निघालं. ट्राउट हा थंड पाण्याचा मासा, साधारण १० ते १६ डिग्रीत तो भरपूर खातो, २० च्या वर गेलं की त्याचा जीव गुदमरायला लागतो कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. आणि ७ ला तो तळाशी सुस्त पडून असतो. त्यामुळे आमची सकाळ कोरडी गेली. दुपारी एकच्या सुमारास पाणी १० वर आलं तेव्हा वाटलं आता, तर तासाभराने नदीचा रंग बदलायला लागला. वर ऊन लागून बर्फ वितळतो, ते पाणी खाली पोहोचायला दुपार होते, मग पातळी चढते आणि पाणी ताकाच्या निवळीसारखं होतं. म्हणजे सकाळी पाणी स्वच्छ पण गार, तिसऱ्या प्रहरी पाणी चढलेलं आणि धूसर, खरा वेळ मधला, अकरा ते दोन. हे गाईडने आम्हाला आदल्या रात्रीच सांगितलं होतं, पण आम्ही सातला उतरायचा हट्ट धरला होता आणि अकरापर्यंत बोटं बधिर करून बसलो होतो.

त्याच दिवशी चारच्या सुमारास मी पडलो. काठाजवळच, मांडीभर पाण्यात. मी ओढीकडे पाठ करून वळलो, दगडावरचं शेवाळ बुटाखालून सरकलं आणि कंबरेपर्यंत आत. वेडर्सचा पट्टा घट्ट होता म्हणून पाणी आत भरलं नाही, नाहीतर ते पाणी भरून माणूस जड होतो आणि ओढीत उभाच राहू शकत नाही. दोस्ताने रॉड काठावर टाकला आणि माझं मनगट धरलं. दोघंही काही बोललो नाही. ज्यांना कुणाला जायचं असेल त्यांना हात जोडून सांगतो, पट्टा कधीही सैल ठेवू नका आणि पाण्यात एक पाय घट्ट रोवल्याशिवाय दुसरा उचलू नका, मांडीच्या वर तर जाऊच नका.

दुसऱ्या दिवशी गाईडने आधी रॉड हातात घेऊच दिला नाही. पाण्यातला एक नारळाएवढा दगड उचलून उलटा केला. खालच्या बाजूला बारीक बारीक किडे चिकटलेले, तपकिरी, चपटे, शेपटीला तीन केस, ऊन लागताच तुरुतुरु पळणारे. हे मेफ्लायचे निम्फ, म्हणजे मेफ्लाय नावाच्या किड्याची पाण्यातली पिल्लं. शेजारी वाळूच्या कणांची छोटी नळी, त्यात कॅडिसची अळी राहते, स्वतःच्या लाळेच्या रेशमाने वाळूचे कण जोडून घर बांधते. मी ती नळी नखावर घेतली, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी, आणि एकेक कण इतका नीट बसवलेला की गवंड्याने बघत राहावं. ट्राउटचं बहुतेक खाणं हेच, पाण्याखालचं. मग आमची डबी उघडून त्याने त्या किड्याशी मिळतीजुळती फ्लाय शोधली, फेझंट टेल निम्फ, खरोखर फेझंट पक्ष्याच्या शेपटीच्या पिसाची बनवतात, डोक्याला पितळी मणी म्हणजे तळाशी जाते. हुकचा काटा पकडीने दाबून सपाट केला, म्हणजे माशाला सोडताना इजा कमी होते.

आणि मग त्याने पाणी वाचायला शिकवलं, या ट्रिपमधून मी काही आणलं असेल तर हेच. आपल्याला नदी म्हणजे एक सरसकट वाहणारी गोष्ट दिसते. ट्राउट वाहत्या पाण्यात तोंड वरच्या दिशेला करून उभा असतो, कारण खाणं वरून वाहत येतं, पण ओढीत उभं राहायला ताकद लागते, म्हणून तो मोठ्या दगडाच्या मागे किंवा अगदी पुढ्यात जिथे पाणी निवांत असतं तिथे राहतो, आणि शेजारून जोरात जाणाऱ्या धारेतून घास उचलून परत जागेवर येतो. रस्त्यावर गाड्या भरधाव चालल्यात आणि टपरीच्या आडोशाला माणूस उभा आहे, तसं. जोराचं पाणी आणि निवांत पाणी यांच्यामधे एक रेघ दिसते, फेसाची, कधी नुसती चकाकीची. फ्लाय त्या रेघेवरून वाहत आली पाहिजे, आणि तीही पाण्याच्याच वेगाने. मधल्या जोराच्या धारेने लाईन ओढली की फ्लाय पाण्यापेक्षा जास्त पळते आणि माशाला लगेच कळतं की हा किडा नाही. त्यासाठी लाईन पाण्यावर पडली की तिचं पोट उचलून धारेच्या वरच्या बाजूला टाकायचं, याला मेंड म्हणतात.

"ढील दे," दोस्त मला ओरडून सांगत होता, "दे ढील, दे ढील!" पतंगाची भाषा, पण नेमकी तीच. लाईन ताणलेली असली की चांगली असं मला वाटत होतं, आणि इथे सगळं काम सैल लाईनचं. सैल, पण मेलेली नाही, मासा लागला की त्याच क्षणी उचलता आली पाहिजे एवढीच सैल.

साडेअकराला दोस्ताला मासा लागला. एका मोटारीएवढ्या दगडाच्या मागे, तिथे मी आधी चार वेळा टाकलं होतं. त्याचा नारिंगी इंडिकेटर, म्हणजे आपलं बूचच, वाहता वाहता अडखळला, बुडाला नाही, नुसता अडखळला, आणि त्याने रॉड उचलला. रॉड वाकला. मासा सरळ खालच्या धारेकडे सुटला आणि रीलमधून लाईन सर्रकन जायला लागली. मला वाटलं गेला, कारण टिपेट ०.१५ मिलीमीटरचा, केसाहून थोडासा जाड. पण तो शांत. मासा पळाला की ढील, थांबला की खेच, परत पळाला की ढील, रॉड आडवा करून त्याला धारेबाहेर काठाच्या निवांत पाण्याकडे वळवत वळवत आणला. तोंडाने काही नाही, पण डावा हात बघितला तर आसारी खेळवताना फिरतो ना मनगट, तसा फिरत होता. मासा जाळीत आला तेव्हा दोस्त, पतंग कापल्यावर ओरडतात तसा, एकदम मोठ्याने ओरडला, "वकाट!" आणि पलीकडच्या काठावर गवत कापणाऱ्या दोन बायका हसायला लागल्या.

मासा असा होता. पाठ ऑलिव्ह हिरवट, बाजूला येताना पितळी, पोट लोणकढ्या तुपाच्या रंगाचं. त्यावर काळे ठिपके आणि मधे मधे लाल, कुंकवाच्या टिकलीएवढे, आणि प्रत्येक लाल ठिपक्याभोवती फिकट निळसर कडं. मी फोटोत शेकडो वेळा बघितला होता, पण फोटोत तो ओला नसतो. दीड वीत लांब असेल. गाईड म्हणाला हात आधी ओले करा, कारण कोरड्या हाताने धरलं तर अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग त्याला बुरशी लागते. दोस्ताने हात बुडवले, जाळीतच हूक काढला, मासा धारेकडे तोंड करून हलकेच धरून ठेवला. कल्ले उघडमीट, उघडमीट. मग शेपटीचा एक फटका आणि जागा रिकामी.

तो मासा मूळ इथला नाही. इंग्रजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्राऊन ट्राउटची अंडी स्कॉटलंडहून काश्मीरमध्ये आणली, तिथून १९०९ मध्ये कुल्लूत. इथला मूळचा मासा स्नो ट्राउट, खालच्या बाजूला तोंड असलेला, दगडावरचं शेवाळ खरवडून खाणारा, तो आता बाहेरून आलेल्या या भावाबरोबर जागा आणि खाणं वाटून घेतो. गंगापूरचा तो मच्छीमार आणि त्याची चिलापी मला तिथे आठवली. ट्राउटच्या प्रेमात पडलो हे खरं आहे आणि त्याला आणायला नको होतं असं वाटतं हेही खरं आहे, दोन्ही वाटतं. पण आज या खोऱ्यातली कितीतरी घरं त्या माशावर चालतात, आणि त्याला थंड स्वच्छ पाणीच लागतं म्हणून लोक नदीला जपतात, हेही डोळ्यांनी बघितलं.

त्या दुपारी माझा मासा सुटला, ते वर सांगितलं. त्यानंतर गाईडने मला गाठ मारून दाखवायला सांगितली. मी मारली. तो म्हणाला, गाठ बरोबर आहे पण कोरडी ओढली. नायलॉन कोरडा आवळला तर घासून गरम होतो, कमजोर होतो, वेढे एकमेकांवर नीट बसत नाहीत. आवळण्याआधी गाठ तोंडात धरून ओली करायची, मग हळूहळू ओढायची, वेढे एकाला एक लागून बसले का बघायचं, आणि मग एकदा जोरात ओढून तपासायची, इथे सुटायची असेल तर इथेच सुटू दे. एवढंच. पाच महिन्यांची तयारी, दीड हजार किलोमीटरहून जास्त प्रवास, आणि अडलं थुंकीवर. मला त्या रात्री झोप लागली नाही, मी ब्लँकेटमध्ये बसून मोबाईलच्या टॉर्चवर गाठी मारत होतो, आणि दोस्त न बोलता शेजारी उठून बसला आणि टॉर्च धरला.

तिसऱ्या दिवशी, शेवटच्या, बाराच्या पुढे, गाईडने मला एक जागा दाखवली आणि स्वतः मागे जाऊन बसला. दोन दगडांमधून पाणी पडतंय, खाली फेस, आणि फेसाच्या डाव्या कडेला खाटेएवढी निवांत जागा. टाकलं. फार पुढे गेली. परत टाकलं, लाईन धारेने ओढली. तिसऱ्यांदा मागे नेताना मी नकळत डोळे मिटले, हातात ती ओढ आली, पुढे सोडलं, मेंड केलं, ढील दिली. इंडिकेटर रेघेवरून येतोय, येतोय आणि थबकला. मी रॉड उचलला आणि पलीकडे जीव होता.

किती वेळ लागला सांगता येत नाही. दोस्त पाठीमागे कधी येऊन उभा राहिला कळलं नाही, तो यावेळी काहीच ओरडत नव्हता, फक्त श्वास ऐकू येत होता. मासा दोनदा धारेत शिरला, दोनदा मी जाऊ दिलं. जाळीत आल्यावर बघितलं तर दोस्ताच्या माशापेक्षा लहान, वीतभराला थोडा जास्त. मी हात ओले केले. तळव्यात तो गार, घट्ट, सगळा स्नायूच. हूक ओठाच्या कोपऱ्यात होता, नुसता टेकवल्यासारखा, बोटाने निघाला. मी त्याला पाण्यात धरलं आणि वाट बघितली, तो गेला तेव्हा शेपटी मनगटाला लागली.

मग फ्लाय बघितली. गाठ जागेवर होती.

परतीला दिल्लीहून ट्रेन. दोस्त मनमाडला उतरणार होता, येवल्याला आईवडिलांना भेटून मग नाशिकला. भुसावळ सोडल्यापासून उजाडत होतं आणि आम्ही उरलेला टिपेट काढून बसलो होतो, पाण्याच्या बाटलीच्या कड्याला, खिडकीच्या गजाला, बॅगेच्या चेनला गाठी मारत, ओली करायची, हळू आवळायची, ओढून बघायची. समोरच्या बर्थवरच्या आजींनी विचारलं हे काय चाललंय बाबांनो, तर दोस्ताने त्यांच्या पिशवीच्या बंदाला एक मारून दिली आणि म्हणाला, ओढून बघा आजी. त्यांनी दोन्ही हातांनी ओढली. मनमाड आलं, त्याने बॅग खांद्याला लावली, खिडकीच्या गजाची गाठ शेवटची एकदा ओढली, आणि उतरला.